दुरुस्तीचा हक्क आणि 'जनता' घड्याळ

पुण्याच्या पेठांतून घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कारागिराची छोटी दुकाने आता क्वचितच दृष्टीस पडतात. एच. एम. टी.चे 'जनता' घड्याळ आजही चालते ठेवता येते, ते अशाच कारागिरांमुळे. घड्याळ बनविणारी कंपनी उरली नसता हे शक्य व्हावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

सरकारी मालकीच्या एच. एम. टी.ने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले. पुढे निघालेले 'जनता' हे शिक्षक-कारकुनांना परवडणारे घड्याळ होते. त्याचे यंत्र अगदी साधे. रोज किल्ली दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना दातेरी चक्रे फिरतात आणि कारागीर ज्याला 'बॅलन्स' म्हणतात ते इवलेसे चक्र सेकंदाला पाच ठोके देत त्यांच्या गतीला आवर घालते. झीज कमी व्हावी म्हणून 17 कृत्रिम माणके बसविलेली. तारीख-वार दाखविण्याची सोय नाही. हेच यंत्र 'पायलट'सारख्या घड्याळांतही वापरले गेल्यामुळे एका निकामी घड्याळाचा भाग दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

क्वार्ट्झ घड्याळ अधिक अचूक असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या स्पर्धेत एच. एम. टी. मागे पडली आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एच. एम. टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. तथापि निर्माता गेला तरी वस्तू निरुपयोगी झाली नाही. उलट आजचे कित्येक मोबाइल संच डिंकाने चिकटवून बंद केलेले असतात; साधी बॅटरी बदलणेही ग्राहकाच्या हाती राहत नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी संकेतस्थळ सुरू केले, हे स्वागतार्हच आहे. परंतु केवळ माहिती देऊन हा हक्क पदरात पडणार नाही. सुटे भाग रास्त दरात ठराविक वर्षे पुरविण्याचे बंधन उत्पादकांवर कायद्याने घातले पाहिजे. त्याचबरोबर औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी जुन्या कारागिरांना मानधन देऊन त्यांची विद्या तरुणांना शिकविण्याची व्यवस्था झाली पाहिजे. हे कौशल्य पुस्तकापेक्षा हातातून हातात जाते. ते जाणणारे हात थकण्यापूर्वीच याबाबत निर्णय व्हावयास हवा.