‘या वयात नवा प्रोसेसर कशाला?’

‘डॉक्टर, आई आता बहात्तरची. जुन्या यंत्रावर भागतंय की! या वयात पुन्हा लाखांचा खर्च कशाला?’ ओपीडीत एका मुलाने विचारले. आई शेजारीच बसल्या होत्या. पण ओपीडीच्या गलक्यात त्यांना हा प्रश्न ऐकूच गेला नव्हता.

कॉक्लिअर इम्प्लांटचे दोन भाग असतात. एक भाग शस्त्रक्रियेने कानामागे त्वचेखाली बसवतात आणि त्याची तार आतल्या कानात सोडतात. तो वर्षानुवर्षे टिकावा अशीच त्याची रचना असते. दुसरा भाग म्हणजे बाहेरचा प्रोसेसर. तो आवाज टिपतो, त्याचे संकेत बनवतो आणि आत पाठवतो. घाम, धूळ, दमट हवा यांचा मारा त्याच्यावरच होतो. शिवाय काही वर्षांनी जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे होतात. तो बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. फक्त नवा प्रोसेसर आतल्या भागाशी जुळणारा हवा.

शांत खोलीत जुन्या-नव्यात फारसा फरक जाणवेलच असे नाही. फरक पडतो तो गोंगाटात आणि फोनवर. नव्या यंत्रांतले मायक्रोफोन समोरच्याच्या बोलण्याला प्राधान्य देतात, आजूबाजूचा आवाज दबतो, मोबाइलचा आवाज थेट यंत्रात येतो. वय वाढते तसे गोंगाटातून शब्द वेचणे मेंदूला जड जाते, म्हणून ही मदत ज्येष्ठांनाच जास्त हवी. अन्यथा माणूस लग्नकार्य टाळतो, नुसती मान डोलावतो आणि हळूहळू एकटा पडतो. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२० मध्ये श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींत केली. नव्या प्रोसेसरने स्मृतिभ्रंश टळतो, असे मात्र मी म्हणणार नाही.

खरेदीची घाईही नको. आधी श्रवणतज्ज्ञाकडून मॅपिंग करून घ्या, वायर आणि मायक्रोफोनचे कव्हर तपासा. कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. नाही झाले, तर जुन्या आणि नव्या यंत्रावर गोंगाटातली चाचणी करून पाहा. थरथरत्या हाताला बॅटरी बदलता येते का, तेही बघा.

आपल्या सरकारी योजनांचा भर लहान मुलांच्या इम्प्लांटवर आहे आणि तो योग्यच आहे. पण शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या ज्येष्ठाचे इम्प्लांट केवळ बाहेरच्या भागाअभावी निकामी पडणे हा अपव्यय आहे. तपासणीत गरज सिद्ध झाल्यास प्रोसेसर बदलण्यासाठीही योजनांतून मदत मिळायला हवी.

मुलाचा प्रश्न मी कागदावर लिहून आईंपुढे धरला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, ‘नातीचा पुण्याहून फोन येतो ना, तो मी उचलून सरळ सुनेकडे देते.’

मुलगा काही बोलला नाही. पुढच्या आठवड्याची मॅपिंगची वेळ घेऊन दोघे गेले.