सॅकच्या रकान्यापलीकडचा ख्रिस लाँग

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला पाडणे म्हणजे ‘सॅक’. एनएफएलमध्ये खेळाडूनिहाय सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासूनची. आलटून-पालटून मैदानात उतरणाऱ्या अनुभवी बचावपटूला केवळ याच आकड्याने जोखणे मला अन्यायाचे वाटते.

५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. सुपर बाउलच्या अखेरच्या मिनिटांत पॅट्रियट्स २०-२८ असे पिछाडीवर. ३१ वर्षांच्या ख्रिस लाँगला रोखताना अटलांटाच्या खेळाडूने त्याला नियमबाह्य धरले. दहा यार्डांच्या दंडाने अटलांटा फील्ड गोलच्या टप्प्याबाहेर गेले. पुढे पॅट्रियट्स ३४-२८ जिंकले. लाँगच्या त्या धडकेची सॅकच्या रकान्यात नोंद नाही.

नोंद नाही म्हणून घटनाच घडली नाही, असे इतिहासाचा अभ्यासक मानत नाही. मग खेळाडूचे मूल्यमापन करताना तरी का मानावे?