आगीचा नळ व नित्याची दक्षता

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि हें नांव त्यास सर्वथैव शोभतें. वैनगंगेसारखी नदी आणि कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं मोठ्या कौशल्यानें बांधलेले तलाव ही आपली पिढीजात संपत्ति आहे. अशा जलसमृद्ध प्रांतांत राहणारांच्या मनास, आग विझविण्यास पाणी मिळणार नाहीं, ही शंकाही सहसा शिवत नाहीं. परंतु पाणी असणें निराळें आणि हव्या त्या क्षणीं, हव्या त्या मजल्यावर, पुरेशा जोरानें तें मिळणें निराळें. या दोहोंमधील अंतर भरून काढतो तो आगीचा नळ. आणि त्याची नित्य निगा राखली नाहीं, तर तलाव व नदी यांचा कांहींएक उपयोग नाहीं, हें या लेखाचें प्रतिपादन आहे.

आपल्या वरठीहून भंडारा शहर अवघ्या कांहीं मैलांवर आहे. तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षास ता. ९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटून गेल्यावर, आग लागली. त्या वेळीं तेथें १७ बालकें होतीं. त्यांपैकीं ७ वांचलीं, १० दगावलीं. कांहीं भाजून गेलीं, पण बहुतेक धुरानें गुदमरून गेलीं. इमारतींत आगीपासून संरक्षणाची पुरी यंत्रणा बसविलेली नव्हती व तिचा प्रस्ताव मंजुरीची वाट पाहत पडून होता, ही गोष्ट मागाहून उजेडांत आली. सर्व महाराष्ट्र हळहळला. राज्यांतील सर्व रुग्णालयांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. आणि त्याच वर्षीं, ता. ६ नोव्हेंबर रोजीं, अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागून ११ रुग्ण प्राणांस मुकले! तपासणीचा आदेश निघणें आणि इमारत सुरक्षित होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें एवढ्यावरून स्पष्ट व्हावें.

नळ असते तर तीं सर्व बालकें खात्रीनें वांचलीं असतीं, असें आमचें म्हणणें नाहीं. धूर फार जलद पसरतो. विजेच्या उपकरणास लागलेल्या आगीवर वीज तोडल्यावांचून पाणी मारणें हेंही धोक्याचें असतें. तथापि आग लहान असतांनाच तिला अडविण्याचीं जीं साधनें मनुष्यानें शोधून काढलीं आहेत, त्यांत पाण्याचा नळ हें फार मोठें साधन आहे, याविषयीं दुमत नसावें.

विद्यार्थिमित्रांनो, ही यंत्रणा कशी असते तें प्रथम पाहूं. मोठ्या इमारतीच्या तळाशीं आगीसाठीं राखून ठेवलेल्या पाण्याची टांकी असते. तिच्याजवळ एक पंप विजेवर चालणारा, दुसरा डिझेलवर चालणारा, आणि तिसरा लहानसा, ज्यास जॉकी पंप म्हणतात, असे पंप असतात. हा लहान पंप नळांतील पाण्याचा दाब सदैव कायम ठेवतो. तेथून जाड लोखंडी नळ जिन्याच्या कडेनें वरपर्यंत जातो व प्रत्येक मजल्यावर त्यास तोटी असते. तिला हायड्रंट म्हणतात. सर्वांत वरच्या तोटीवरही दर चौरस सेंटिमीटरास सुमारें साडेतीन किलो दाब मिळावा, असा संकेत आहे. कांहीं इमारतींत छताला स्प्रिंकलर, म्हणजे फवारे, लावलेले असतात. अमेरिकेंतील हेन्री पार्मली यानें १८७४ सालीं असा फवारा सिद्ध केला. आजच्या फवाऱ्याच्या तोंडाशीं द्रवानें भरलेली इवलीशी कांचेची कुपी असते. लाल रंगाची कुपी ६८ अंश उष्णतेस फुटते व पाणी सुटतें. चित्रपटांत एकाच वेळीं सर्व फवारे सुरू झालेले दाखवितात. प्रत्यक्षांत जेथें उष्णता पोंचते तेथीलच फवारा उघडतो.

इतकी चतुर योजना निष्फळ कां होते? कारणें क्षुल्लक असतात. दुरुस्तीसाठीं मुख्य झडप बंद केली व ती उघडण्यास कोणी विसरला. वैशाखांत पाण्याची टंचाई झाली म्हणून राखीव टांकींतील पाणी बागेस किंवा वापरास काढलें. डिझेल पंपाची बॅटरी उतरली. नळांत गंज व गाळ सांचला. रंगाऱ्यानें छतासवें कुपीवरही रंग फिरविला. अग्निशामक दलानें बाहेरून पाणी भरावयाच्या तोंडापुढें मोटारी उभ्या राहूं लागल्या. आणि पितळेचीं तोंडें चोरीस गेलीं! भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव. पितळेस बाजारांत काय भाव येतो, हें आपणांस निराळें सांगावयास नको.

या सर्वांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. घरचा नळ बिघडला तर दहा मिनिटांत घरांत आरडाओरड होते, कारण त्याची गरज रोजची. आगीच्या नळाची गरज वर्षानुवर्षें पडत नाहीं. म्हणून तो बिघडला तरी कोणाची तक्रार येत नाहीं. लाल रंगानें झळकणारा तो नळ पाहून आपण निर्धास्त होतों, आणि त्यांत पाणी आहे किंवा नाहीं हें ज्या दिवशीं कळतें तो दिवस फार उशिराचा असतो. तहान लागल्यावर विहीर खणूं नये ही म्हण आपण जाणतों. पण खणलेल्या विहिरीस पाणी आहे कीं नाहीं हें अधूनमधून पाहावें, एवढें शहाणपण तीस जोडावयास हवें.

कायद्यानें हें ओळखलें आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६, हा ता. ६ डिसेंबर २००८ पासून अंमलांत आहे. त्या अन्वयें ही यंत्रणा सुस्थितींत ठेवण्याचा भार इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. आणि दर वर्षीं जानेवारी व जुलै या महिन्यांत परवानाधारक संस्थेचें तसें प्रमाणपत्र त्यानें सादर केलें पाहिजे. नियम उत्तम आहे. परंतु जानेवारींत उघडी असलेली झडप फेब्रुवारींत बंद होऊं शकते. म्हणून आमची सूचना अशी कीं, जेथें जेथें ही यंत्रणा आहे, तेथें दरमहा एकदां सर्वांत वरची तोटी चारचौघांसमक्ष उघडावी, दाब पाहावा, दोन्ही पंप चालवून पाहावे, आणि तारीख व सही यांची नोंद दरवाजाशीं सर्वांस दिसेल अशी लावावी. कपाटांतील कागद एकटा अधिकारी वाचतो. दारावरचा कागद येणारा जाणारा प्रत्येक जण वाचतो.

यावर कोणी म्हणेल, आमची इमारत लहान, आमची ऐपत बेताची. हा शहरी थाट आम्हांस कसा परवडावा? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. लहान इमारतीस मोठे पंप लागत नाहींत. परंतु कांहीं उपायांस पैशापेक्षां विचार अधिक लागतो. एकाच टांकींतून दोन्ही कामें भागवावयाचीं असल्यास आगीचा नळ तळाशीं जोडावा व वापराचा नळ त्याहून उंचावर जोडावा. म्हणजे वापराचें पाणी संपलें तरी आगीपुरतें पाणी आपोआप शिल्लक राहतें. वाळूच्या बादल्या, मुदतींतलें अग्निशामक नळकांडें, मोकळा जिना आणि कुलूप नसलेला दरवाजा, एवढें तर प्रत्येक शाळेस व कार्यालयास साध्य आहे.

पालकांस आमची विनंति अशी कीं, आपण आपलीं मुलें ज्या इमारतींत धाडतां, किंवा आपला रुग्ण जेथें ठेवितां, तेथें एकदां विचारावें: येथील नळ शेवटीं केव्हां उघडून पाहिला? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. दहा घरांतून तो विचारला गेला, तर झडप बंद राहणार नाहीं.

ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आगीशीं झुंजतांना अग्निशामक दलाचे ६६ जवान कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षीं १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या सप्ताहांतील एके दिवशीं, व्याख्यानाबरोबरच, शाळांशाळांतून व रुग्णालयांतून हे नळ उघडून पाहिले जावे.

आपल्या पूर्वजांनीं तलाव बांधले, पण तेवढ्यानें ते टिकले नाहींत. दर सालीं पाळीची माती सांवरली, पाट मोकळे केले, तेव्हां शेतास पाणी पोंचलें. आगीचा नळही तीच सेवा मागतो. ती आपण करूं, तर भंडाऱ्याच्या त्या दहा बालकांविषयींची आपली हळहळ कांहीं अंशीं तरी खरी ठरेल.