सोन्यापेक्षा घडणावळ भारी

घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावसारख्या बाजाराच्या गावात दुकानदाराची गाडी ही केवळ घरची गाडी नसते. उधारीच्या वसुलीसाठी खेड्यापाड्यांत जाणे, जालन्याहून माल आणणे, रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचविणे ही सारी कामे तिच्यावरच अवलंबून असतात. अलीकडे अशा घरांत क्लच नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आल्या आहेत. त्यांपैकी एखादीखाली सकाळी फरशीवर तांबूस तेलाचा डाग दिसतो. कोणी सांगते, ‘गिअरबॉक्सचे पुढचे सील गेले.’ सीलची किंमत विचारली तर ती किरकोळ निघते. मजुरीचा आकडा मात्र तिच्या कितीतरी पट असतो. मग व्यापारी मनाला साहजिकच वाटते की, एवढ्याशा रबरी कडीसाठी एवढे पैसे का मोजावेत? घरीच बदलून टाकू.

हा हिशेब वरवर बिनचूक आहे. पण त्यात मुख्य रक्कम धरलेलीच नाही. येथे पैसा सीलचा नसून सीलपर्यंत पोहोचण्याचा आहे. सोन्यापेक्षा घडणावळ भारी पडावी, तसा हा प्रकार.

प्रथम हे सील कोठे असते ते पाहू. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद, गोल डबा असतो. तो इंजिनाबरोबर फिरतो आणि तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे पोहोचवितो. त्याची मागची नळी गिअरबॉक्सच्या तेलपंपात शिरून पंप फिरविते. ही फिरती नळी आणि पंपाचे स्थिर तोंड यांच्या सांध्यातून तेल बाहेर येऊ नये, म्हणून तेथे सील बसविलेले असते. धातूची कडी, तिला रबराचा ओठ आणि तो ओठ नळीवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. जर्मनीतील फ्रॉइडेनबर्ग या मूळच्या कातडी कमावणाऱ्या कारखान्यात १९३०च्या दशकात वाल्टर झिमर या अभियंत्याने अशा सीलला आकार दिला. आरंभी त्याचा ओठ कातड्याचा होता. पुढे तेथे कृत्रिम रबर आले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते आणि थेंब सुटू लागतो.

परंतु प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत ही रचना नसते. २०१४मध्ये आलेल्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्यांचा प्रसार झाला. तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो; तो दाबण्याचे काम यंत्र करते, एवढाच फरक. तेथे टॉर्क कन्व्हर्टर नाही, म्हणून हे सीलही नाही. इनोव्हा क्रिस्टा, अर्टिगा, पेट्रोलवरची ब्रेझा यांच्या ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र ते असते. आपली गाडी कोणत्या घडणीची, हे आधी पुस्तिकेत पाहावे.

त्यानंतरचा प्रश्न गळतीच्या उगमाचा. इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्याखाली थेंब दिसला, म्हणजे पुढचे सीलच गेले असे नव्हे. इंजिनाचे मागचे सीलही त्याच पोकळीत गळते. मात्र त्याचे तेल तपकिरी किंवा काळे असते. गिअरबॉक्सचे तेल बहुधा लाल असते, जुने झाल्यावर तेही तपकिरी होते. कूलरच्या नळीतून सुटलेले तेल ओघळत तेथेच येते. तेल जास्त भरले असेल किंवा हवेचे छिद्र बुजले असेल, तरी ते नको तेथून बाहेर पडते. म्हणून गाडीचा तळ स्वच्छ पुसावा, थोडी चालवावी, रात्रभर खाली पांढरा पुठ्ठा ठेवावा आणि सर्वांत वरचा ओला भाग शोधावा. नळीच्या सांध्याचे दुखणे असताना गिअरबॉक्स उतरविणे म्हणजे सगळी घडणावळ वाया घालविणे.

दोष सीलचाच ठरला, तर गिअरबॉक्स खाली उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. इनोव्हासारख्या गाडीत मागचा लांब शाफ्ट, स्टार्टर, कूलरच्या नळ्या आणि आधाराचा आडवा भाग सोडवावा लागतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही बाजूंचे शाफ्ट काढून इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो. अंगणात ते अधिकच अवघड. गिअरबॉक्सचे वजन पन्नास किलोच्या साखरेच्या पोत्याहून अधिक भरू शकते, आणि तो माणसाच्या छातीवर येईल अशा जागी लटकलेला असतो. काळ्या मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि रचलेल्या विटा फुटतात. सिमेंटची सपाट फरशी, भक्कम लोखंडी स्टँड आणि गिअरबॉक्स पेलणारा स्वतंत्र जॅक नसेल, तर हे काम घरी करूच नये. वाचलेल्या मजुरीच्या बदल्यात जीव तारण ठेवण्यासारखे ते आहे.

उघडल्यावर केवळ सील बदलून झाकणारा कारागीर अर्धेच काम करतो. कन्व्हर्टरच्या नळीवरून नख फिरवून पाहावे. चर लागत असेल तर नवे सीलही लवकरच गळेल. पंपातील बुश झिजला असेल तर नळी डगमगते आणि सीलचा ओठ पुन्हा खराब होतो. जुने सील काढताना त्याच्या बैठकीला ओरखडा पडू देऊ नये. नवे सील सरळ, चहूबाजूंनी सारखे बसवावे आणि त्याच्या ओठाला गिअरबॉक्सचेच तेल लावावे.

खरी परीक्षा पुढे असते. कन्व्हर्टर परत बसविताना तो हलकेच फिरवीत आत ढकलावा लागतो. तो एकदम न बसता टप्प्याटप्प्याने आत जातो. शेवटचा टप्पा राहिला असतानाच बोल्ट आवळले, तर पंप फुटतो आणि किरकोळ सीलचे काम गिअरबॉक्सच्या दुरुस्तीवर जाते. म्हणून पुस्तिकेतील अंतर मोजून पाहावे. गिअरबॉक्स इंजिनाला हातानेच टेकला पाहिजे. बोल्टने ओढून तो कधीही टेकवू नये. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरतो की नाही, हेही पाहावे.

शेवटी कंपनीने सांगितलेलेच तेल भरावे. ‘लाल दिसते ते चालते’ ही समजूत महाग पडते. अनेक नव्या गाड्यांत तेल मोजण्याची पट्टी नसते. तेथे गाडी सपाट जागी ठेवून, इंजिन चालू असताना, ठरावीक तापमानाला बूच उघडून पातळी पाहावी लागते. काढलेले तेल शेतात किंवा नाल्यात ओतू नये. २०१६च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा ठरतो. असे तेल अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच ते पोहोचवावे.

ट्रॅक्टरची सील रोज बदलणाऱ्या गावच्या मेकॅनिकला कमी लेखण्याचे कारण नाही. गळतीचा उगम शोधण्यात त्याची नजर मोलाची आहे. कन्व्हर्टर बसविण्याचा अनुभव त्याला नसेल, तर मात्र गाडी मोठ्या गावी न्यावी. तीही चालवीत किंवा दोरीने ओढत नव्हे, तर गाडी वाहून नेणाऱ्या वाहनावर. तेल कमी असताना चालविल्यास आतील क्लच जळतात, आणि इंजिन बंद ठेवून चाकांवर ओढल्यास पंप न फिरल्याने आतील भागांना तेल मिळत नाही.

तात्पर्य एवढेच की, सीलच्या किमतीवरून कामाची किंमत करू नये. जागा, साधने आणि जाणता माणूस असेल तर हे काम घरीही होऊ शकते. या तिन्हींपैकी एकही कमी असेल, तर दिलेली मजुरी ही उधळपट्टी नसून काटकसरच होय.