ग्रिशॅमचा विदूषक आणि टेक्सासचा तिसरा वकील

जॉन ग्रिशॅमच्या 'द अपील' (२००८) या कादंबरीला साहित्याच्या अभ्यासक्रमात जागा नाही, आणि ती असावी असा आमचा आग्रहही नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना प्रथम कळते ती अशा लोकप्रिय पुस्तकांतून. आणि मग त्या निवडणुकीतल्या माणसांकडे आपण कादंबरीकाराच्याच चष्म्यातून पाहू लागतो. हा चष्मा एका माणसाच्या बाबतीत फार अन्यायकारक आहे. तो माणूस म्हणजे तिसरा उमेदवार.

कथानक थोडक्यात असे. मिसिसिपीतील एका गावाचे पाणी रासायनिक कंपनीने विषारी केले आहे. ज्यूरीने कंपनीविरुद्ध चार कोटी दहा लाख डॉलरचा निकाल दिला आहे. हा निकाल अपिलात फिरवायचा, तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातला एक न्यायाधीश बदलला पाहिजे. मग पैसा ओतून रॉन फिस्क नावाचा एक सज्जन, भाबडा वकील उभा केला जातो. विद्यमान न्यायाधीश शीला मॅकार्थी आणि फिस्क यांच्यामध्ये आणखी एक जण येतो: क्लीट कोली. जुगारी, दारुडा, गर्जना करणारा वकील. त्याचे काम एवढेच, की गोंधळ माजवायचा, मॅकार्थीबाईंना बेजार करायचे आणि वेळ आली की फिस्कला पाठिंबा देऊन बाजूला व्हायचे. तो विकत घेतलेला आहे. नाटकातला विदूषक निदान राजाला खरे बोलतो. हा तेही करीत नाही.

कादंबरीतला पैशाचा भाग मुळीच अतिशयोक्त नाही. २००४ साली पश्चिम व्हर्जिनियात मॅसी या कोळसा कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निवडून आणण्यासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्च केले, आणि पुढे त्याच बेंजामिन यांनी मॅसीविरुद्धचा पाच कोटी डॉलरचा निकाल फिरवणाऱ्या बहुमतात मत दिले. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला पाच विरुद्ध चार मतांनी सांगावे लागले, की बेंजामिन यांनी त्या खटल्यातून दूर व्हायला हवे होते. तेव्हा फिस्क खरा आहे, कंपनी खरी आहे. खोटा आहे तो कोली. निदान तिसऱ्या उमेदवाराचा नमुना म्हणून तो खोटा आहे.

हे दाखवण्यासाठी मिसिसिपी सोडून टेक्सासला जावे लागेल. मिसिसिपीत न्यायाधीशाच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत, आणि तेथे मतदानही विभागवार होते. टेक्सासात दोन सर्वोच्च न्यायालये आहेत, दिवाणी खटल्यांसाठी एक आणि फौजदारीसाठी एक. प्रत्येकी नऊ न्यायाधीश, सहा वर्षांची मुदत, संपूर्ण राज्यातून मतदान, आणि नावापुढे पक्ष. १९९४ नंतर २०२४ पर्यंतच्या एकाही निवडणुकीत राज्यव्यापी पदावर डेमोक्रॅट निवडून आला नाही. याचा अर्थ असा, की फौजदारी अपील न्यायालयात कोण बसणार हे नोव्हेंबरात ठरतच नाही. ते काही महिने आधी, रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीत, थोड्या मतदारांच्या हातून ठरते. हे मतदार तरी काय पाहून ठरवतात? १९७६ साली डॉन यारब्रो हा वकील दिवाणी सर्वोच्च न्यायालयावर निवडून आला तो मुख्यतः आडनावाच्या बळावर. राल्फ यारबरो हे टेक्सासचे नामवंत सिनेटर होते, आणि डॉन यारबरो नावाचे दुसरे एक राजकारणीही मतदारांच्या परिचयाचे होते. वर्षभरातच, फौजदारी आरोपांच्या छायेत, त्याला राजीनामा द्यावा लागला. २०१६ मध्ये स्कॉट वॉकर नावाच्या वकिलाने अधिक खर्च करणाऱ्या, अनुभवी न्यायाधीशाला प्राथमिक फेरीत हरवले. विस्कॉन्सिनचे त्या वेळचे गव्हर्नर त्याच नावाचे होते, हा योगायोग तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आला होता. आपण हसायचे कारण नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाने नऊ हजारांहून अधिक मते घेतली होती. फरक इतकाच, की रायगडात निवडायचा होता तो खासदार. टेक्सासात निवडायचा असतो तो फाशीच्या शिक्षेवरचे अपील ऐकणारा न्यायाधीश.

अशा या निवडणुकीत लिबर्टेरियन पक्षाचा वकील उभा राहतो. त्याला जिंकायचे नसते. जिंकता येत नाही हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. मग तो उभा का राहतो?

ह्यूस्टनचे फौजदारी वकील मार्क बेनेट २०१२ मध्ये फौजदारी अपील न्यायालयाच्या एका जागेसाठी लिबर्टेरियन म्हणून उभे राहिले. समोर विद्यमान रिपब्लिकन न्यायाधीश बार्बरा हर्वी. डेमोक्रॅट पक्षाने उमेदवारच दिला नव्हता. बेनेट हरले, पण दहा लाखांहून अधिक मते घेऊन. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ज्या न्यायालयावर ते बसू शकले नव्हते त्याच न्यायालयाने त्यांनी लढवलेल्या एका अपिलात एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अल्पवयीनांशी इंटरनेटवरून होणाऱ्या लैंगिक संभाषणाविषयीच्या कायद्यातील एक तरतूद न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. अल्पवयीन मुलाला लैंगिक कृत्यासाठी भेटायला बोलावणे हा गुन्हा वेगळ्या तरतुदीखाली होताच आणि तो तसाच राहिला. न्यायालयाचा आक्षेप होता तो नुसत्या शब्दांना गुन्हा ठरवणाऱ्या भागाला. त्याच्या तावडीत काय काय सापडेल हे सांगताना निकालपत्रात नाबोकॉव्हची 'लोलिता', लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' आणि शेक्सपिअरचे 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा' यांची नावे आली आहेत. ज्यांना चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'चा खटला आणि १९६९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठाऊक आहे, त्यांना या यादीचे महत्त्व समजावून सांगायला नको. निकाल एकमताचा होता. म्हणजे त्यात हर्वीबाईंचेही मत होते.

बेनेट २०१६ मध्ये पुन्हा उभे राहिले, दुसऱ्या जागेसाठी. आता त्यांच्या नावावर हा निकाल होता. मते मात्र एक आकडी टक्क्यांवर आली. कारण उघड आहे: या वेळी डेमोक्रॅटही रिंगणात होता. वकील तोच, किंबहुना अधिक सिद्ध झालेला. मतदारांनी २०१२ मध्ये त्याला ओळखले नव्हते आणि २०१६ मध्ये नाकारलेही नव्हते. दोन्ही वेळा त्यांनी फक्त नावापुढचा पक्ष वाचला होता.

येथे कोणी म्हणेल, की तिसरा पक्ष तरी धुतल्या तांदळासारखा आहे काय? नाही. टेक्सासात मतपत्रिकेवर टिकून राहायचे तर छोट्या पक्षाच्या कोणत्या तरी राज्यव्यापी उमेदवाराने ठरावीक टक्के मते मिळवावी लागतात. पूर्वी ही अट पाच टक्क्यांची होती. २०१९ च्या कायद्याने ती दोनवर आणली (आणि त्याच कायद्याने छोट्या पक्षांच्या उमेदवारांनाही शुल्क भरा किंवा सह्या आणा, असे बजावले). जेथे दोन मोठ्या पक्षांपैकी एकाने जागा सोडलेली असते तेथे ही टक्केवारी सहज मिळते, आणि अशा जागा बहुधा न्यायाधीशांच्याच असतात. म्हणजे तिसऱ्या वकिलाची उमेदवारी ही काही अंशी पक्षाच्या परवान्याचे नूतनीकरण असते. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याला एकाकी वीर ठरवून त्याच्यावर कविता करणारे आमचे काही मित्रही म्हणूनच आम्हांला पटत नाहीत. पण परवान्यासाठी उभा राहिलेला माणूस आणि विकला गेलेला माणूस यांत फरक आहे, आणि ग्रिशॅमच्या कादंबरीत तो फरक करायला जागाच नाही.

उलट, प्रत्यक्षात कोलीची आठवण करून देणारा प्रसंग कोठे घडला ते पाहा. २०१८ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत क्रिस अँग्लिन नावाचा वकील उभा राहिला. थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत तो डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला होता. उमेदवारी भरली ती रिपब्लिकन म्हणून. विधिमंडळाने त्या वर्षी न्यायाधीशपदांच्या प्राथमिक फेऱ्याच रद्द केल्यामुळे त्याला अडवायला कोणी नव्हते. त्याने सुमारे सोळा टक्के मते घेतली, विद्यमान रिपब्लिकन न्यायाधीश बार्बरा जॅक्सन हरल्या आणि डेमोक्रॅट अनिता अर्ल्स निवडून आल्या. तो कोणाचा प्यादा होता असे रिपब्लिकनांचे म्हणणे. त्याने ते नाकारले. विधिमंडळाने त्याच्या नावापुढून पक्ष काढून टाकण्याचा कायदा केला, तो न्यायालयात टिकला नाही. खरे-खोटे काहीही असो, या गृहस्थाला कोणा तिसऱ्या पक्षाची गरज पडली नाही. मते फोडण्याचे हत्यार त्याला मोठ्या पक्षाच्या नावातच मिळाले. 'मते खाणारा' हा शब्द आपली वर्तमानपत्रे छोट्या पक्षांसाठी राखून ठेवतात, म्हणून हे सांगितले.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळू. पक्षाचा जाहीरनामा घेऊन उभा राहिलेला माणूस निष्पक्ष न्यायाधीश कसा होईल? हा आक्षेप योग्य आहे, पण तो घेतला जातो फक्त तिसऱ्याविरुद्ध. मोठ्या पक्षांचे उमेदवार प्रचारात काय बोलतात? मी अनुभवी आहे, मी निष्पक्ष आहे, मी फक्त कायदा लागू करतो. हे वाक्य ऐकले की आम्हांला एडगर ली मास्टर्स आठवतात. मास्टर्स शिकागोत वकिली करीत, क्लॅरेन्स डॅरो यांचे काही वर्षे भागीदार होते. त्यांच्या 'स्पून रिव्हर अँथॉलॉजी'त (१९१५) एक न्यायाधीश थडग्यातून बोलतो. वकिलांनी जमवलेल्या गुणांवर आपण खटले निकाली काढले, खऱ्याखोट्यावर नव्हे, असे तो मेल्यावर कबूल करतो. 'फक्त कायदा लागू करणे' म्हणजे काय असू शकते, याचे इतके निर्दय चित्र आम्ही दुसरीकडे वाचलेले नाही. जिवंतपणी, मते मागताना, असे कोण बोलेल?

मत आणि वचन यांत भेद केला पाहिजे. मिनेसोटात न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने वादग्रस्त प्रश्नांवर आपले मत जाहीर करू नये असा नियम होता. २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. विशिष्ट खटला विशिष्ट तऱ्हेने निकाली काढीन असे वचन देण्यावरच्या बंदीला मात्र त्या निकालाने हात लावला नाही. पोलिसांना झडतीचे अधिकार किती असावेत, सरकारने नागरिकाच्या बोलण्यात कोठवर शिरावे, याविषयी लिबर्टेरियन वकील आपले मत उघड सांगतो. ते आम्हांला सर्वस्वी मान्य नाही. मालमत्ता आणि करांविषयीचे त्याच्या पक्षाचे विचार तर मुळीच नाहीत. पण हे मत आधी कळते म्हणून खटल्याच्या वेळी त्याच्याशी वाद घालता येतो. नावापुढच्या 'रिपब्लिकन' या शब्दाशी वाद कसा घालणार? त्याने काही विधानच केलेले नसते.

दोष तिसऱ्यात नाही, न्यायाधीशाच्या नावापुढे पक्ष छापण्यात आहे. टेक्सासचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले थॉमस फिलिप्स, वॉलेस जेफरसन आणि नेथन हेक्ट, तिघेही स्वतः रिपब्लिकन म्हणून निवडून आलेले, यांनीही ही पद्धत बदला असे जाहीरपणे सांगितले. विधिमंडळाने २०२० च्या निवडणुकीपासून एका खुणेत सबंध पक्षाला मत देण्याची सोय तेवढी काढली. नावापुढचा पक्ष राहिला.

आपल्याकडे या सगळ्यावर एक ठरलेला शेरा असतो: बरे झाले, आपले न्यायाधीश निवडणुकीतून येत नाहीत. बरे झाले खरेच. पण २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोग घटनाबाह्य ठरल्यानंतर आपल्या उच्च न्यायालयांतल्या नेमणुकांचा निर्णय पुन्हा न्यायाधीशांच्याच मंडळाकडे गेला, आणि त्या बंद दाराआड तिसरे मत कोण मांडते, मांडते की नाही, हे आपल्याला कळत नाही. बेनेटसारख्यांचे निदान आकडे तरी छापून येतात. ग्रिशॅमच्या कादंबरीत कोली माघार घेतो आणि कथानक हलके होते. टेक्सासचे तिसरे वकील माघार घेत नाहीत. पुढच्या खेपेला त्यांचे नाव पुन्हा मतपत्रिकेवर, फार खाली, तिसऱ्या ओळीत असते.