विमान वरून जाते, एसटी कधी जुळणार?

मा. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार



बुलढाणा जिल्ह्यातून पत्र आले म्हणजे विमानतळाची मागणी असणार, असे आपल्या कार्यालयाने गृहीत धरले असेल. तशी मागणी नाही. निवडणूक जवळ आली की ती करणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांच्यात माझी भर नको.

नकाशावर मुंबई ते अमरावती पट्टी ठेवून पाहा. रेघ आमच्या चिखलीच्या जवळून जाते. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून सुरू झालेली मुंबईची सेवा सरळ रेषेत साधारण ५४० किलोमीटरची. चिखलीच्या माथ्यावरून अमरावती उरते जेमतेम १६० किलोमीटर, म्हणजे एटीआर विमानाला वीसेक मिनिटे. उतरलेल्या माणसाला मात्र खामगाव, अकोला करत मागे यायला चार तास हवेत. जळगाव–अमरावतीचेही असेच. हवेतून अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत, आणि ती रेघ मलकापूर, नांदुरा, शेगावच्या थोडी उत्तरेकडून जाते, जवळजवळ मुंबई–हावडा रेल्वेमार्गाला समांतर. कुणी उद्या ही जोडी विमानाने जोडली तरी आमच्या पदरात काही पडणार नाही. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला जायला रेल्वे आहेच.

केंद्राच्या ‘उडान’ योजनेचे गणित आकाशातल्या अंतरावर मांडलेले आहे. सुमारे पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, अशी तिची सुरुवात झाली. तूट भरून द्यायची तीही विमानातल्या आसनामागे. घराच्या दारापासून विमानतळाच्या दारापर्यंतचा प्रवास कुणाच्याच खात्यात बसत नाही. जळगावला २०१७च्या डिसेंबरात विमान आले, बंद पडले, पुन्हा आले. अशा वेळापत्रकाच्या भरवशावर बुलढाण्याचा माणूस मलकापूरमार्गे सव्वाशे किलोमीटर जायला कसा निघेल?

आमचा खरा विमानतळ चिकलठाणा. तो छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर, म्हणजे आमच्याच बाजूला आहे; शहर ओलांडावे लागत नाही. चिखलीहून देऊळगावराजा, जालना करत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. ‘समृद्धी’ महामार्ग झाल्यापासून मेहकर, सिंदखेडराजाकडच्यांना तर तो आणखी सोयीचा. पण गाडी स्वतःची हवी. नसेल तर भाड्याची करायची, आणि ती रिकामी परतते म्हणून भाडे दोन्ही बाजूंचे मोजायचे. सकाळचे विमान असेल तर अपरात्री निघायचे. कधी कधी हे भाडे तिकिटाच्या बरोबरीला जाते. मुलीला हैदराबादला नोकरीवर रुजू व्हायचे असले, वडिलांना मुंबईला दाखवायचे असले, तर घरात पहिला प्रश्न तिकिटाचा नसतो, ‘चिकलठाण्याला सोडणार कोण?’ हा असतो.

जालन्याकडून शहरात शिरणाऱ्या एसटी बस विमानतळाजवळूनच जातात. त्यांतल्या दोन-चार गाड्यांच्या वेळा विमानांशी जुळवाव्यात आणि तिथे रीतसर थांबा द्यावा. बुलढाणा, चिखली, देऊळगावराजा, जालना, चिकलठाणा. विमानाला उशीर झाला तर परतीच्या शेवटच्या गाडीने अर्धा तास थांबावे, एवढी मुभा चालक-वाहकाला असावी. तोटा येईल, हे मला कळते. रिकाम्या आसनामागे विमान कंपनीला पैसे देता येतात, तर एसटीच्या रिकाम्या सीटमागे का नाही?

एसटी राज्याची, विमान केंद्राचे, हे उत्तर मला ठाऊक आहे. खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, तेव्हा कोणता विषय कोणाच्या अखत्यारीत येतो याचे शिक्षण आम्हा बुलढाणेकरांचे पुरेसे झाले आहे. पण आपण पुण्याचे. मुंबईत परिवहनमंत्र्यांशी मराठीत एक बैठक घेणे आपल्याला जड नाही. ‘उडान’मध्ये विमानतळाला जोडणाऱ्या बससाठी तरतूद घालायची तर ती सूचना मात्र दिल्लीतूनच, आपल्याच खात्यातून यावी लागेल. बैठक ठरली तर आमचे खासदार प्रतापराव जाधव यांनाही बोलवा. केंद्रात तेही राज्यमंत्री आहेत.

आपला,
चिखलीचा एक प्रवासी