गणिताशी गट्टी : चांदोली कधी भरेल?

दोस्तांनो, शिराळा तालुक्यात वारणा नदीवर चांदोली धरण आहे. त्यात ३४.४ टीएमसी, म्हणजे ३४.४ अब्ज घनफूट पाणी मावतं. समजा, ५ जुलैला साठा २२.४ आहे नि पाऊस असा झोडपतोय, की रोज २ टीएमसीची भर पडतेय. तारीख क्ष, साठा य. बिंदू मिळाला (५, २२.४), चढ २. झालं की समीकरण!

य − २२.४ = २(क्ष − ५)

य च्या जागी ३४.४ घाला. क्ष = ११. अकरा तारखेला धरण काठोकाठ!

पण पाऊस कुठला सरळ रेषेत पडायला? म्हणून धरण भरायच्या आधीच दरवाजे उचलून बेताबेतानं पाणी सोडतात. एकदम सोडलं, तर वारणाकाठच्या गावांची धडगत नाही.

आता ८ तारखेपासून रोजची वाढ १ टीएमसीवर आली, तर? नवं समीकरण तुम्ही मांडा. धरण भरायची तारीख १४ आली, तर शाबास!